अंजिराचा हिवाळा

म्हैसूरहून दक्षिणेस निघाले म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटरांवर कपिला नदीच्या काठी नंजनगूड लागते. श्रीकंठेश्वराचे मोठे देवालय, त्याची रथयात्रा आणि रसबाळे नावाची सुवासिक केळी यांमुळे हे गाव कर्नाटकाबाहेरही परिचित आहे. थंडी म्हणावी अशी थंडी येथे पडत नाही. पौषातल्या पहाटे नदीवर धुके उतरते, वृद्ध मंडळी कानांभोवती उपरणे गुंडाळतात, आणि सूर्य हातभर वर आला की ते उपरणे पुन्हा खांद्यावर जाते. अशा गावाहून, बर्फापासून झाडाचे रक्षण कसे करावे, अशी पृच्छा करणारे पत्र यावे, याचे आम्हांस प्रथम नवल वाटले. पत्र पुरते वाचल्यावर मात्र ते नवल उरले नाही.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या परसात अंजिराचे एक झाड आहे. त्यांच्या सासऱ्यांनी श्रीरंगपट्टणाजवळच्या गंजाम गावाहून आणलेल्या फाट्याचे ते वाढलेले. गंजामच्या अंजिरांचा लौकिक जुना असून त्या गावाच्या नावाने अंजिराची एक जातच ओळखली जाते. या भगिनींची कन्या त्या झाडाखाली खेळून मोठी झाली आणि विवाहानंतर अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहावयास गेली. तेथे तिला मुलगा झाला. त्याच वर्षी शेजारच्या एका वृद्ध इटालियन गृहस्थांनी तिला अंजिराचे रोप भेट दिले. तिने ते घरामागे लावले आणि उन्हाळ्याच्या अखेरीस ते पुरुषभर उंच झाले. हिवाळा जवळ आला तेव्हा तिने मोठ्या मायेने त्यास पायापासून शेंड्यापर्यंत जाड प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळले. मार्चअखेर ते आवरण सोडून पाहते तो फांद्या काळ्या पडलेल्या, साल सुरकुतलेली आणि तीवर बुरशी धरलेली. जावईबापूंनी फावडे बाहेर काढले. मुलीने आईस दूरध्वनी केला आणि आईने आम्हांस पत्र लिहिले. झाड उपटावे की राखावे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. झाड नातवाच्या वयाचे आहे, ते उपटावयास हात कसा उठावा, हेही त्यांनी खाली लिहिले होते.

ही गोष्ट एप्रिलमधली. त्या वेळी आम्ही उलट टपाली एवढेच कळविले, की जूनचा मध्य उलटेपर्यंत फावडे घरात ठेवावे. मेलेल्या फांद्या खुशाल छाटाव्यात, परंतु मुळास हात लावू नये. आता सप्टेंबरात त्यांचे दुसरे पत्र आले आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बुंध्याशी, मातीतून, चार कोंब वर आले. आज ते छातीइतके उंच आहेत आणि त्यांवर हिरवी फळेही धरली आहेत. परंतु दुसरा हिवाळा दारात येऊन उभा आहे. या खेपेस काय करावे, असे त्या विचारतात.

आमच्या कित्येक वाचकांची मुलेबाळे आज न्यू जर्सीत, टोरांटोत, लंडनला किंवा जर्मनीत संसार करीत आहेत. काही वाचक स्वतःच नोकरीनिमित्त हिमाचल वा उत्तराखंडाच्या थंड गावी राहतात. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर खासगी पत्राने न देता या सदरातच द्यावे, असे आम्ही ठरविले.

प्रथम झाडाचा स्वभाव पाहू. अंजीर हे वड, पिंपळ आणि उंबर यांचे सगोत्र आहे. फांदी मोडली की निघणारा पांढरा चीक हीच त्याची ओळख. परंतु त्याचे मूळ घर पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राचा परिसर हे होय. तेथे उन्हाळा कोरडा व कडक असतो आणि हिवाळ्यात थोडीबहुत हिमवृष्टीही होते. त्यामुळे अंजिरास एक विद्या अवगत झाली, जी नंजनगूडच्या केळीस नाही. ती विद्या म्हणजे झोप. केळ बारा महिने जागी असते. एक पान फाटून खाली लोंबते तोच दुसरे वर उलगडते. तिला एका रात्रीचे हिमही पुरते. अंजीर मात्र दिवस लहान होऊ लागले आणि हवा थंडावली, की पाने गाळते, फांद्यांतील रसाचा ओघ मंदावते आणि वसंतापर्यंत स्वस्थ पडून राहते.

या झोपेचा उपयोग कसा होतो, तेही समजून घ्यावे. थंडीने झाड मरते म्हणजे मुख्यतः त्यातील पाणी गोठल्याने मरते. कोवळ्या, वाढत्या फांदीच्या पेशी पाण्याने भरलेल्या असतात. ते पाणी आतल्या आत एकाएकी गोठले, की पेशी फुटतात आणि फांदी काळी पडते. उलट, जी फांदी हळूहळू झोपी गेली तिच्या पेशींतील पाणी कमी झालेले असते आणि साखरेचे प्रमाण वाढलेले असते. असा रस सहजासहजी गोठत नाही. म्हणूनच नीट झोपलेले, वाढलेले अंजिराचे झाड शून्याखाली सात ते नऊ अंशांपर्यंतची थंडी बहुधा सोसून जाते. तेच झाड जागे असेल, त्यास पालवी फुटलेली असेल, तर शून्याखाली एकदोन अंशांतच करपते. लहान रोपांची सहनशक्ती मोठ्या झाडांहून कमी असते, हेही लक्षात ठेवावे.

मुळांची गोष्ट आणखी निराळी आहे. वर हवा कितीही गार झाली, तरी हात दीड हात खालची माती त्या मानाने उबदार राहते. म्हणून फांद्या मेल्या तरी मुळे पुष्कळदा जगतात. शिवाय अंजिराचे रोप सामान्यतः फाट्यापासून केलेले असते. आंब्याच्या कलमासारखे खाली एक जात आणि वर दुसरी असे ते नसते. त्यामुळे मुळापासून आलेला कोंब हा त्याच झाडाचा, त्याच जातीचा असतो. न्यू जर्सीतील झाड जूनमध्ये परत आले, यात चमत्कार काहीच नव्हता. त्यास केवळ वेळ हवा होता. थंड प्रदेशांत कितीतरी अंजिरे एप्रिल-मेमध्ये मेली समजून उपटली जातात आणि ती प्रत्यक्षात जिवंत असतात.

या विषयावरील परदेशी पुस्तिका वाचून त्यांतील मजकूर मराठीत आणताना आम्ही एका ठिकाणी अडलो. झाडाने हिवाळ्यापूर्वी वाढ थांबवून कणखर व्हावे, म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीपासून त्याचे पाणी आणि खत तोडावे, असे त्या सांगतात. या क्रियेस कोणता शब्द योजावा, याचा आम्ही विचार करीत होतो. शब्द घरचाच निघाला. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याच्या अंजिरास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील जाधववाडीस महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे अंजीर आणि सीताफळ यांचे संशोधन केंद्रही आहे. त्या भागातील बागाईतदार या क्रियेस ‘ताण’ म्हणतात. मीठा बहार धरावयाचा असेल, तर ते बागेचे पाणी तोडून ती ताणावर सोडतात. पाने पिवळी पडतात, गळतात. मग सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी करून खत व पाणी देतात आणि फेब्रुवारी-मार्चपासून गोड फळ हाती येऊ लागते. पावसाळ्यात पिकणाऱ्या खट्ट्या बहारास ती गोडी नसते.

आपल्याकडे हिवाळा झाडास झोपवीत नाही, म्हणून शेतकरी पाणी तोडून झोपवितो. तिकडे हिवाळाच ते काम करतो; माणसाने त्यात विघ्न आणू नये एवढेच. नंजनगूडच्या भगिनींनी पत्राच्या शेवटी लिहिले आहे, की त्यांचे सासरे वर्षातून एकदा परसातील अंजिराचे पाणी बंद करीत, आणि घरातील सुनांना ते मोठे निर्दयपणाचे वाटे. कोणी पाहत नाहीसे बघून त्या घागरभर पाणी ओतून येत. सासऱ्यांच्या त्या निर्दयपणातच आजच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

येथे एक शंका निघेल. नाशिक जिल्ह्यात निफाडच्या बाजूस थंडीची लाट आली म्हणजे द्राक्षबागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवितात, धूर करतात, वेलींस पाणी देतात. २०१८ च्या डिसेंबरअखेर तेथे पारा दोन अंशांच्याही खाली उतरला होता. मग द्राक्षास ऊब द्यावी आणि अंजिरास देऊ नये, हे कसे? याचे कारण असे, की निफाडची द्राक्षवेल त्या दिवसांत झोपलेली नसते. ऑक्टोबरात छाटणी झालेली असते आणि डिसेंबरात वेलीवर कोवळी पाने व वाढते मणी असतात. जागे असलेल्या झाडास थंडीत ऊब हवी. झोपलेल्या झाडास ऊब नको, निवारा हवा. त्याची झोप वेळेआधी मोडू नये आणि थंडीची परमावधी त्याच्या सालीपर्यंत पोचू नये, या दोनच गोष्टी साधावयाच्या असतात.

प्लास्टिकच्या आवरणाने नेमके उलटे केले. प्लास्टिकमध्ये थंडी अडविण्याची शक्ती जवळजवळ नाही. जानेवारी-फेब्रुवारीतील एखाद्या स्वच्छ दिवशी ऊन पडले, की आतली हवा तापते, सालीतील रस जागा होतो. रात्री पारा उतरला की तोच रस गोठतो. असे चार-आठ वेळा झाले म्हणजे साल फाटते. बाहेर पडावयास वाट नसल्याने आत वाफ साचते आणि बुरशी धरते. मुलीच्या मायेत उणे काही नव्हते; उणे होते ते फक्त हवेस वाट ठेवण्याचे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पहिले काम उन्हाळ्याच्या अखेरीचे. ऑगस्टनंतर नत्रयुक्त खत मुळीच देऊ नये आणि पाणी हळूहळू कमी करावे. शरद ऋतूत छाटणी करू नये. छाटणीने नवे धुमारे फुटतात आणि तेच प्रथम मरतात. छाटणीची वेळ हिवाळ्याच्या शेवटी. ऑक्टोबरात फांद्यांवर जी मोठी हिरवी फळे उरली असतील ती आता पिकणार नाहीत, ती खुडून टाकावी. शेंड्याजवळ वाटाण्याहून लहान कळ्यांसारखे जे अंकुर दिसतात ते मात्र राखावेत. फांदी वाचली तर पुढील उन्हाळ्याच्या आरंभीचे फळ त्यांतूनच येते. फळे खुडताना हातमोजे घालावेत आणि मुलांस दूर ठेवावे. अंजिराचा चीक कातडीस लागून वर ऊन लागले, तर भाजल्यासारखे फोड येतात.

दुसरे काम पांघरूण घालण्याचे. ते फार लवकर करू नये. झाडाची पाने गळू द्यावीत, हलके हिम एकदोन वेळा पडू द्यावे. त्यानेच झाड पुरते झोपते. न्यू जर्सीसारख्या ठिकाणी हा समय साधारणपणे नोव्हेंबरात येतो. त्यानंतर, कडाक्याची थंडी सुरू होण्यापूर्वी, पुढील चार रीतींपैकी आपल्या सोयीची एक निवडावी.

पहिली रीत कुंडीतील झाडाची, आणि ती सर्वांत सोपी. पाने गळाली की कुंडी आत न्यावी. परंतु आपण राहतो त्या उबदार खोलीत नव्हे. उबदार खोलीत झाड डिसेंबरातच जागे होते, फिकट लांबट पालवी काढते आणि प्रकाशावाचून क्षीण होते. मोटार ठेवण्याची जागा किंवा तळघर, जेथे शेगडीची ऊब पोचत नाही आणि पारा शून्य ते सात अंशांच्या दरम्यान राहतो, ती जागा योग्य. पानेच नसल्याने उजेडाची आवश्यकता नाही. माती अगदी कोरडी ठणठणीत होऊ नये म्हणून महिन्यातून एखादा पेला पाणी पुरे.

दुसरी रीत गुंडाळण्याची. फांद्या सुतळीने हलक्या हाताने एकत्र आवळाव्यात. भोवती तारेच्या जाळीचा पिंजरा करून त्यात वाळलेली पाने किंवा गवताचा पेंढा भरावा. त्यावर गोणपाटाचे दोनतीन पदर द्यावेत. पाऊस व बर्फाचे पाणी आत जाऊ नये म्हणून सर्वांत बाहेरून मेणकापड घालावे आणि शेंड्यावर बादली पालथी घालावी. मेणकापड सालीस कोठेही टेकू नये, आणि खाली व वर हवेस थोडी वाट राहावी. जाळी बारीक असावी; पेंढ्याच्या उबेस उंदीर वस्तीला येतात आणि भुकेच्या दिवसांत बुंध्याची साल कुरतडतात. थंडीने न मेलेले झाड उंदरांनी मारल्याची उदाहरणे कमी नाहीत.

तिसरी रीत पुरण्याची. ती ऐकावयास भयंकर वाटेल, पण तीच सर्वांत प्राचीन आणि खात्रीची. एकोणिसाव्या शतकात पॅरिसजवळच्या आर्जांतय गावचे अंजीर प्रसिद्ध होते. तेथील बागवान हिवाळ्यापूर्वी अंजिराच्या फांद्या चरांत वाकवून मातीखाली झाकीत. उझबेकिस्तानात अंजीर आणि डाळिंब यांना असेच जमिनीशी लववून मातीचे पांघरूण घालतात. दक्षिण इटलीतून न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे गेलेल्या कामगार कुटुंबांनीही आपल्या घरामागच्या चिमुकल्या अंगणांत हीच रीत चालविली. रोप देणाऱ्या शेजाऱ्यांस विचारले तर तेही कदाचित हीच सांगतील. झाडाच्या उंचीएवढा लांब आणि दोन फूट खोल चर खणावा. चराच्या बाजूस व तिच्या विरुद्ध बाजूस काही मुळे तोडावी लागतात. उरलेल्या दोन बाजूंची मुळे शाबूत ठेवावी. मग बांधलेले झाड हळूच चरात कलते करावे, वर फळ्या टाकाव्यात, त्यांवर पाने आणि पानांवर माती. कष्टाचे काम आहे, दोन माणसांचे आहे, आणि लवचीक, तरुण झाडासच मानवते.

चौथी रीत मुळे राखण्याची. फांद्या मेल्या तर मरोत, असे म्हणून केवळ बुंध्याभोवती फूट-दीड फूट उंच पानांचा व कुजलेल्या खताचा ढीग चढवावा. बुंध्याचा तेवढा भाग वाचला तरी वसंतात नवे कोंब जोमाने येतात. ही रीत घ्यावयाची तर जात तशी हवी. काही अंजिरे जुन्या फांदीवर फळतात, काही त्याच वर्षीच्या नव्या फांदीवरही भरघोस फळतात. ‘शिकागो हार्डी’ ही जात या दुसऱ्या गुणासाठी थंड प्रदेशांत प्रिय आहे. ती जमिनीपर्यंत मेली तरी त्याच उन्हाळ्यात फळ देऊ शकते.

कोणतीही रीत घेतली तरी जागेची निवड तिच्याइतकीच मोलाची. इंग्लंडात अंजीर दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी लावण्याची जुनी चाल आहे. उत्तर गोलार्धात त्या भिंतीवर ऊन अधिक पडते, ती दिवसा तापते आणि रात्री ती उष्णता हळूहळू सोडते. शिवाय वारा अडतो. वाऱ्याचे महत्त्व थोडे नाही. जमीन गोठलेली असता मुळांना पाणी ओढता येत नाही, आणि कोरडा वारा मात्र फांद्यांतील ओल सारखा शोषीत राहतो. कित्येक झाडे हिमाने न मरता अशी तहानेने मरतात. म्हणून हिवाळा लागण्यापूर्वी, पाने गळाल्यावर, जमीन फारच कोरडी असेल तर एकदा पाणी देऊन मग झाकावे. वर आम्ही पाणी तोडण्यास सांगितले ते वाढ थांबविण्यापुरते. झाड वाळविण्यासाठी नव्हे.

तिसरे आणि सर्वांत नाजूक काम वसंतातले. मार्चमध्ये एखादा आठवडा उबदार जातो आणि मनुष्यास वाटते, आता हिवाळा सरला. घाईने सर्व पांघरूण काढले, झाड जागे झाले, आणि एप्रिलमध्ये एका रात्री हिम पडले, तर साऱ्या हिवाळ्याचे श्रम फुकट जातात. पांघरूण फार दिवस ठेवले तर आतल्या आत पालवी फुटते, तीही वाईट. यातील मध्य साधावा. कडाका ओसरला की प्रथम बाहेरचे मेणकापड काढावे. आठ-दहा दिवसांनी पेंढा कमी करावा. शेवटचा पदर ढगाळ दिवशी उतरवावा, म्हणजे अंधारात राहिलेल्या सालीस एकदम ऊन लागत नाही. गोणपाट जवळच ठेवावे. हिमाचा अंदाज असेल त्या रात्री पुन्हा अंगावर टाकता येते.

त्यानंतर झाड जिवंत आहे की नाही, हे पाहण्याची युक्ती साधी आहे. नखाने साल किंचित खरवडावी. खाली हिरवी, ओलसर रेघ दिसली तर फांदी जिवंत. तपकिरी व कोरडी दिसली तर मृत. शेंड्यापासून खाली येत येत जेथे हिरवे लागेल तेथवर छाटावे. कोठेच हिरवे लागले नाही, तरी जूनचा मध्य उलटेपर्यंत मुळास हात लावू नये. माती उबदार होण्यास वेळ लागतो, आणि खालून निघणारा कोंब मातीच्या वेळेने निघतो, आपल्या वेळेने नव्हे.

नंजनगूडच्या भगिनींनी आणखी एक गोष्ट विचारली आहे. पुढील वर्षी त्या मुलीकडे जाणार आहेत. येताना परसातील गंजामच्या झाडाचा एक फाटा पदरात बांधून नेला तर चालेल काय? त्यांची इच्छा आम्ही समजू शकतो, तरीही उत्तर नकाराचे आहे. परवान्यावाचून जिवंत फाटे, रोपे वा माती एका देशातून दुसऱ्या देशात नेणे नियमाविरुद्ध आहे, आणि तो नियम योग्य आहे. फाट्याबरोबर डोळ्यांस न दिसणारी कीड आणि रोग जातात, आणि एका घरच्या मायेपायी दुसऱ्या मुलखातील बागा संकटात येतात. दुसरे असे, की म्हैसूरच्या मऊ हिवाळ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या झाडाने न्यू जर्सीचा हिवाळा काढावा, ही अपेक्षा त्या झाडावर अन्याय करणारी आहे. तेथे तेथलेच झाड बरे. एक हिवाळा मातीखाली काढून ते परत आले आहे, तेवढी परीक्षा पुरे.

भगिनींनी फाट्याऐवजी दुसरे काही न्यावे, असे आम्ही सुचवितो. पाणी केव्हा तोडावे, पान गळाल्यावर झाड कसे दिसते, जिवंत फांदी वाकविली असता हातास कशी लागते, हे त्यांनी सासऱ्यांच्या झाडाशी चाळीस वर्षे राहून पाहिलेले आहे. ते ज्ञान कोणत्याही तपासणी नाक्यावर अडविले जात नाही आणि छापील पुस्तिकेतून ते मुलीस मिळणारही नाही.

यंदाच्या हिवाळ्यासाठी त्या कुटुंबास आमचा सल्ला असा. कोंब या वर्षीचे आहेत, त्यामुळे कोवळे आहेत. पुरण्याचा खटाटोप करू नये, बुंध्याशी ते मोडतील. आतापासून खत बंद, पाणी कमी. हिरवी फळे ऑक्टोबरच्या मध्यास खुडावी. नोव्हेंबरात पाने गळून गेल्यावर चारी कोंब सैलसे बांधून गोणपाट व पेंढ्याच्या रीतीने झाकावे आणि बुंध्याशी पानांचा ढीग चांगला दीड फूट चढवावा. वरचे गेले तरी खालचे राहील, अशी दुहेरी तजवीज त्यात आहे.

हा मजकूर छापखान्याकडे जाण्यापूर्वी आम्ही त्याची प्रत नंजनगूडला पाठविली होती. त्यावर दोन ओळींचे उत्तर आले. जावईबापूंनी तारेची जाळी आणि गोणपाट आणून ठेवले आहे, आणि शेजारपाजारची वाळली पाने गोळा करण्याचे काम नातवाकडे दिले आहे. ढीग चढविण्यासाठी एप्रिलमधलेच फावडे उपयोगी पडणार आहे.